‘लोकसहभाग’ मोजायला गेले आणि अडकले : पिंपरी-चिंचवड ते चाकण, शाळेतले ‘लोक’ कोण?

या वेळच्या आरएसीत माझा एक अख्खा तक्ता बाद झाला. नक्की काय झालं, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे. पीएच.डी.ला नोंदणी करायच्या विचारात असाल, तर वाचा. विषय शिक्षणशास्त्राचा नसला तरी चालेल.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी एम.एस्सी. केलं रसायनशास्त्रात, मग बी.एड. आणि आता शिक्षणशास्त्रात पीएच.डी. विषय आहे पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांमधला लोकसहभाग. प्रयोगशाळेतून आल्यामुळे मला सवय अशी, की कुठलीही गोष्ट समोर आली की आधी ती मोजायची. म्हणून मी ‘लोकसहभाग निर्देशांक’ तयार केला. शाळा व्यवस्थापन समितीच्या वर्षातल्या बैठका, हजेरीची टक्केवारी, लोकवर्गणीची रक्कम, कंपन्यांकडून आलेल्या वस्तूंची किंमत. चारही आकडे एका मापावर आणले, बेरीज केली, शाळांची क्रमवारी तयार. छान दिसत होता तक्ता.

समितीत इतिहासाचे एक प्राध्यापक आहेत. त्यांनी तक्ता पाहिला आणि एकच प्रश्न विचारला : “ज्यानं वर्गणी दिली आणि ज्याचं मूल त्या वर्गात बसतं, तो एकच माणूस आहे का?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण मी फिरले त्यातल्या बऱ्याच शाळांमध्ये तो एकच माणूस नाही. शाळेला जागा देणाऱ्या घराण्याचं नाव दारावरच्या फरशीवर कोरलेलं असतं. त्या घरातली नातवंडं बसने इंग्रजी माध्यमात जातात. आणि वर्गात बसलेली मुलं त्याच घराण्याच्या चाळीत भाड्यानं राहणाऱ्या कामगारांची असतात. माझ्या निर्देशांकात हे दोघंही ‘लोक’ होते आणि त्यांची बेरीज झाली होती. रसायनशास्त्रात दोन वेगळे पदार्थ एकाच बाटलीत ओतून त्यांना एक नाव दिलं असतं, तर पहिल्या वर्षालाच हाकलून दिलं असतं मला.

सरांनी सांगितलं, आधी इतिहासाचं प्रकरण लिहा; हे ‘लोक’ कधीपासून कोण कोण होते ते शोधा, मग मोजा. तेव्हा आता जे लिहिते आहे ते त्या प्रकरणाचा कच्चा सारांश समजा.

सुरुवात पैशापासून करावी लागते. १८५० च्या दशकात मुंबई इलाख्यात एक पद्धत होती : गावाला सरकारी शाळा हवी असेल तर शाळेची जागा आणि मास्तरच्या पगाराचा निम्मा वाटा गावानं उचलायचा. आजच्या भाषेत हा ‘लोकसहभाग’च. पण ज्या गावाकडे पैसा आणि मुखत्यार मंडळी, त्याच गावाला शाळा मिळणार, हे उघड आहे. मग १८६३ पासून जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर आला आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी ठेवला गेला. १८६९ च्या कायद्यानं त्याला पक्कं रूप मिळालं. म्हणजे खेड, हवेली, मावळ या तालुक्यांतला शेतकरी त्या काळापासून शाळेसाठी कर भरतो आहे, त्याचं पोर शाळेत जात असो वा नसो.

इथं जोतीराव फुले येतात. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, ते आपण बहुतेक सगळे ‘सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी’ एवढ्या एका ओळीत शिकलो आहोत. मीही तसंच शिकले होते. या वेळी पूर्ण वाचलं. बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यात आहेच. पण निवेदनाचा कणा हिशेबाचा आहे. सरकारचा बहुतांश महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, असं ते मांडतात. पुढे मास्तर कोण असावा यावर ते बोलतात : शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा त्याला कळतील, आणि त्याला पगार नीट द्यावा. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती हवी, असंही त्यांचं म्हणणं आहे. मला यात एक गोष्ट विशेष वाटली. लोकांनी शाळेला आणखी काहीतरी द्यावं, असं त्यांचं म्हणणं नाही. लोक आधीच देत आहेत, त्याचा मोबदला कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न आहे. आज ‘लोकसहभाग वाढवा’ म्हणणाऱ्या बहुतेक परिपत्रकांत प्रश्नाची दिशा बरोबर उलटी असते.

पुढचा टप्पा मी भराभर सांगते, कारण तो पुस्तकांत मिळतो. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांतून मुंबई इलाख्याचा कायदा आला. नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. १९२३ च्या कायद्यानं प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्ड आणि नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे आला. पंधरा वर्षं झाली नाहीत तोच, १९३८ ची दुरुस्ती आणि मग १९४७ चा कायदा यांतून बरेच अधिकार पुन्हा सरकारी अधिकाऱ्यांकडे गेले. का? स्थानिक राजकारण, शिक्षकांच्या बदल्या, वशिले. तक्रारींची यादी वाचली तर आजच्या जिल्हा परिषदेबद्दल बोलतायत असं वाटेल. याच सुमारास खेर मंत्रिमंडळानं खाजगी प्रयत्नातून चालणाऱ्या खेड्यांतल्या व्हॉलंटरी शाळांना अनुदान द्यायला सुरुवात केली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं साताऱ्याकडे अशा शेकडो शाळा काढल्या. मूठभर धान्य देऊन शाळा चालवणारी गावं तिथे होती. तो इतिहास मोठा आहे, पण आपला पट्टा वेगळा आहे, म्हणून मी तिकडे वळत नाही.

आपल्या पट्ट्याची खरी गोष्ट १९५४ नंतरची. त्या वर्षी पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली. १९६२ मध्ये दोन गोष्टी घडल्या आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावची प्राथमिक शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. त्याच वर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. म्हणजे शाळा गावाच्या राजकारणाशी जोडणारी यंत्रणा आणि गावाची जमीन कारखान्याला देणारी यंत्रणा अवघ्या तीन महिन्यांच्या अंतरानं जन्माला आल्या. पुढे टेल्को आली, बजाज आली, भोसरीत शेकडो छोटी वर्कशॉप उभी राहिली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका.

जुन्या लोकांशी बोलताना एक गोष्ट सारखी ऐकू येते : शाळा आधी देवळात भरायची, किंवा चावडीत, मग कुणीतरी जागा दिली, गावानं वर्गणी काढली, श्रमदानानं भिंती उभ्या राहिल्या, मास्तर गावातच राहायचा. आठवणींना थोडा मुलामा असतो हे धरूनही यातलं बरंच खरं असावं, कारण फरशीवरची नावं आणि जनरल रजिस्टरमधली आडनावं तेव्हा एकच आहेत. मी ज्या रजिस्टरांवर हात ठेवू शकले त्यांत साधारण साठच्या दशकापर्यंत तीच तीच सात-आठ आडनावं पानोपानी येतात. मग हळूहळू ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात दुसऱ्या जिल्ह्यांची नावं यायला लागतात. जन्मस्थळ, सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण. कारण बहुतेक ठिकाणी एकच : स्थलांतर. (जनरल रजिस्टर हा फार मोठा ऐतिहासिक दस्तऐवज आहे. प्रत्येक शाळेच्या कपाटात असतो आणि आपण संशोधक तो सोडून प्रश्नावल्या वाटत फिरतो. मीही तेच करत होते.)

१९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, वाकड अशी बरीच गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली आणि शाळेचा मालक बदलला. गावानं बांधलेल्या शाळेची तक्रार आता पंचायत समितीत नाही, महापालिकेच्या शिक्षण विभागात न्यायची. गावकीची बैठक होती, तिच्या जागी नगरसेवक आला. चाकणला हा बदल आणखी उशिरा झाला. नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांत कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, २००९ च्या आसपास परदेशी मोटार कंपन्या आल्या, आणि चाकणची नगर परिषद झाली ती २०१५ मध्ये. म्हणजे काही वर्षं तिथे ग्रामपंचायतीचा कारभार आणि शहराएवढी वस्ती, अशी स्थिती होती. शाळेच्या खोल्या जुन्याच.

इथं थांबून मला चित्रा नाईकांबद्दल लिहायचंय. खरं सांगायचं तर हा भाग सापडला तेव्हाच मला वाटलं की तक्ता बाद झाला ते बरं झालं.

चित्राताई राज्याच्या शिक्षण संचालक होत्या. निवृत्तीनंतर त्या आणि जे. पी. नाईक पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत काम करत होते. १९७९ पासून या संस्थेनं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये एक कृतिसंशोधन प्रकल्प हाती घेतला. प्रश्न साधा होता : शाळा आहे, शिक्षक आहे, कायदाही आहे, मग नऊ ते चौदा वर्षांची इतकी मुलं, आणि विशेषतः मुली, शाळेबाहेर का? उत्तर त्यांनी गावातच शोधलं. दिवसा मुली गुरं राखतात, धाकटी भावंडं सांभाळतात, पाणी भरतात. मग वर्ग संध्याकाळी भरवायचे, दोन-अडीच तास. शिकवणारा गावातलाच कोणीतरी निवडायचा, गावानंच. त्याच्याकडे डी.एड. नसलं तरी चालेल, मुलांशी बोलता आलं पाहिजे. जागा गाव देईल ती : देऊळ, कुणाची ओसरी, शाळेची खोली. या वर्गांना नाव होतं ‘आपली शाळा’.

मला सगळ्यात आवडला तो परीक्षेचा भाग. त्यांनी ‘बालजत्रा’ भरवल्या. आसपासच्या गावांतली मुलं एका ठिकाणी जमायची, गाणी, खेळ, आणि त्यातच वाचून दाखवणं, गणितं सोडवणं. पालक समोर बसून बघत. आपल्या पोरीला वाचता येतं की नाही, हे गुणपत्रिकेवरून कळण्याऐवजी डोळ्यांदेखत कळायचं. विचार करा, ज्या आईला स्वतःला अक्षर येत नाही तिला गुणपत्रिका देऊन आपण काय ‘पारदर्शकता’ साधतो?

पद्धतीच्या अंगानं इथं शिकण्यासारखं बरंच आहे. या प्रकल्पात लोकांना आधी विचारलं गेलं ते वेळेबद्दल. पैशाबद्दल नव्हे. तुमची मुलं कधी मोकळी असतात? या एका प्रश्नाच्या उत्तरावर सगळी रचना उभी राहिली. माझ्या निर्देशांकातल्या चार आकड्यांमध्ये वेळेचा संबंध कुठेच नव्हता. बैठकांची संख्या होती, पण बैठक किती वाजता होती हा रकानाच नव्हता.

नव्वदच्या दशकात ग्रामशिक्षण समित्या आल्या. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम लातूर, नांदेड, परभणी अशा जिल्ह्यांत आला; पुणे त्यात नव्हता. (गंमत म्हणजे त्याच जिल्ह्यांतून आलेली कुटुंबं आज चाकणच्या चाळींमध्ये आहेत. त्या कार्यक्रमात शिकलेली मुलं आज इथं पालक असतील. हा धागा कोणी संशोधनाला घेत असेल तर जरूर घ्या, मला वेळ नाही.) मग सर्व शिक्षा अभियान, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा.

या कायद्याचं कलम २१ प्रत्येकानं मूळ मजकुरात वाचावं. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा आणि मुख्याध्यापक सचिव. कलम २२ नुसार शाळेचा विकास आराखडा ही समिती करणार. १८६३ पासूनचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून हे कलम वाचलं की त्यातली उडी कळते. कर भरणारा, जागा देणारा, वर्गणी देणारा, निवडून आलेला, यांपैकी कुणाच्याही आधी कायद्यानं एका माणसाचं नाव घेतलं : ज्याचं मूल आज या शाळेत आहे तो. कुठल्या गावचा, किती जमिनीचा, भाषा कोणती, मतदार यादीत नाव कुठे, काही विचारलेलं नाही. शिवाय स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघण्याची जबाबदारी कलम ९ नं स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. कागदावर तरी या पट्ट्यातला ‘लोक’ कोण याचा निकाल २०१० मध्येच लागला.

आता प्रत्यक्ष. समितीची इतिवृत्त नोंदवही, म्हणजे आपलं प्रोसिडिंग बुक, मी आता शब्द न् शब्द वाचते आहे. सुरुवातीला मी फक्त सह्या मोजत होते. एका शाळेत (नाव अर्थातच देणार नाही) बैठकांची संख्या उत्तम, सह्या भरपूर. पण पानं वाचत गेलं की लक्षात येतं, ठरावांची भाषा महिनोन्‌महिने तीच आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पोषण आहाराचा आढावा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय : नाहीत. सर्वानुमते मंजूर. सूचक आणि अनुमोदक म्हणून तीच दोन नावं. आणि सह्यांमध्ये काही सह्या अशा, की एकाच पेनानं, एकाच हातानं केलेल्या वाटाव्यात. मी ठामपणे म्हणणार नाही, हस्ताक्षरतज्ज्ञ नाही मी. पण माझ्या जुन्या निर्देशांकात ही शाळा वरच्या पाचांत होती.

मुख्याध्यापिकेला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. तिची बाजूही ऐकली. बैठक शाळेच्या वेळेत घ्यायची, म्हणजे सकाळी अकरा-बाराला. त्या वेळी पालक कुठे असतात? पहिल्या पाळीला, किंवा रात्रपाळी करून झोपलेले. कंत्राटी कामगाराला एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर महिन्याचा हजेरी बोनसही जाऊ शकतो. घरकाम करणाऱ्या आईला चार घरांना कळवावं लागतं. मग सचिव म्हणून जबाबदारी असलेली बाई काय करणार? वहीत बैठक झालीच पाहिजे, वरून तपासणी आहे. सहीसाठी मुलांबरोबर वही घरी पाठवली जाते. मी तिच्या जागी असते तर वेगळं काही केलं असतं का, मला सांगता येत नाही.

आणि या पट्ट्याची एक खास भानगड आहे, ती बाहेरच्या संशोधकाला कळणारच नाही. इथल्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी मोठ्या प्रमाणावर गुरुवारी असते, विजेच्या नियोजनातून पडलेली ही जुनी पद्धत. शाळेला सुट्टी रविवारची. म्हणजे बाप घरी असतो तेव्हा मूल शाळेत, मूल घरी असतं तेव्हा बाप कंपनीत. पालक मेळावा शनिवारी सकाळी ठेवायचा आणि मग अहवालात लिहायचं : पालकांमध्ये उदासीनता. ‘उदासीनता’ हा शब्द मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये चार वेळा वापरला होता. आता काढून टाकला आहे.

ज्यांनी पालकांच्या वेळेशी आणि जागेशी जुळवून घेतलं त्यांचं काम वेगळं दिसतं. बीना लष्करी आणि रजनी परांजपे यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९९३ पासून पुण्यात आहे. बांधकामाच्या साइटवर वर्ग भरवायचे, मुलांना शोधून काढायचं, जवळच्या सरकारी शाळेत नाव घालायचं आणि ती तिथे पोचतील याची सोय करायची, असं त्यांचं काम आहे. नावाप्रमाणे शाळा दारापर्यंत न्यायची. चित्रा नाईकांचा संध्याकाळचा वर्ग आणि हा साइटवरचा वर्ग, दोघांचा मूळ विचार जवळचाच. मात्र साइट संपली की कुटुंब पुढच्या साइटवर जातं, त्यामुळे ‘आमची शाळा’ म्हणण्याइतका काळ पालक कुठे टिकतच नाही. समितीत त्याला कोण घेणार, आणि तो तरी कशाला येणार?

राहिल्या कंपन्या. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. शिक्षण त्यात बसतं. आपल्या पट्ट्यात कारखाने इतके, की काही शाळांना याचा खरोखर फायदा झाला आहे : स्वच्छतागृहं, खोल्या, संगणक, सौर पॅनेल. हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. मी पाहिलेल्या काही मुलींच्या शौचालयांवर कंपनीचं नाव आहे आणि ती वापरात आहेत, स्वच्छ आहेत. पण मागणी कुठून येते हे बघा. विकास आराखडा समितीनं करायचा असतो. प्रत्यक्षात कंपनीच्या योजनेत काय बसतं ते आधी कळतं आणि आराखडा नंतर लिहिला जातो. एका शाळेत मोठा टीव्ही खोक्यातच होता, कारण त्या खोलीत प्लग पॉइंट नव्हता. प्लग पॉइंट कुठल्याच योजनेत बसत नव्हता. २०२३ मध्ये राज्य सरकारनं दत्तक शाळा योजना आणली. देणगीदारानं ५ किंवा १० वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची आणि त्याच्या नावाचा उल्लेख शाळेच्या नावाबरोबर करता येईल. त्यावर बरीच टीका झाली. मला मात्र ते वाचताना गावातली ती कोरीव फरशीच आठवली. देणाऱ्याचं नाव दारावर असणं ही रीत जुनीच आहे. फरक एवढाच, की फरशीवरच्या माणसाची मुलं त्या काळी आत बसायची.

मग हे कुठेच जमत नाही का? जमतं. खेड तालुक्यात कनेरसरजवळ जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. कनेरसर, निमगाव, दावडी म्हणजे खेड सेझसाठी जमिनी गेलेला भाग. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे २०२२ मध्ये आले तेव्हा पटावर अवघी ३ मुलं होती, असं त्या वेळच्या बातम्या सांगतात. पुढे पट शंभराच्या वर गेला. २०२५ मध्ये लंडनच्या टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक पुरस्कारांत ही शाळा ‘समुदाय सहभाग’ या गटात पहिल्या दहांत आली आणि लोकांच्या मतदानातून दिला जाणारा कम्युनिटी चॉइस पुरस्कार तिला मिळाला. त्याआधी शिरूर तालुक्यात वाबळेवाडीला याच गुरुजींनी गावकऱ्यांबरोबर काचेच्या वर्गखोल्यांची शाळा उभी केली होती, ते तुम्ही वाचलं असेल. जालिंदरनगरला ‘विषयमित्र’ ही पद्धत आहे : ज्याला जे येतं त्यानं ते दुसऱ्याला शिकवायचं, लहान-मोठा वर्ग न बघता.

या शाळेबद्दल कौतुकाचे लेख पुष्कळ आहेत, मी त्यात भर घालत नाही. संशोधक म्हणून माझे प्रश्न वेगळे आहेत. पट ३ वरून शंभराच्या पुढे गेला, तर ही मुलं कुठून आली? वाडीतली, की आजूबाजूच्या गावांतून ठरवून आणलेली? ज्या पालकाकडे मुलाला रोज सोडायला गाडी आहे, तो आणि चाळीतला कंत्राटी कामगार, दोघांनाही ही शाळा तितकीच जवळ आहे का? आणि गुरुजींची बदली झाली तर वहीतला आवाज कुणाचा राहील? हे टीका म्हणून विचारत नाही. यशस्वी शाळा आपल्याला ‘लोकसहभाग होतो’ एवढंच दाखवते. कोणत्या लोकांचा, हे रजिस्टर उघडल्याशिवाय कळत नाही. परवानगीचा अर्ज दिला आहे, बघू.

दरम्यान माझ्या साधनात मी केलेले बदल सांगते, कारण बऱ्याच जणांचा सिनॉप्सिस तोंडावर आहे. निर्देशांक काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येक शाळेसाठी तीन वेगळ्या याद्या करते : शाळेला ज्यांनी काही दिलं त्यांची, ज्यांची मुलं आज पटावर आहेत त्यांची, आणि ज्यांच्या सूचनेवरून गेल्या तीन वर्षांत शाळेत काहीतरी बदललं त्यांची. मग तिन्ही याद्यांमध्ये कोणती नावं सामाईक आहेत ते बघते. तिसरी यादी करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण ती वहीत नसते; शिपाईमामांना, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना, पाचवीतल्या पोरांना विचारावं लागतं. वेळेचा रकानाही घातला आहे : बैठकीचा वार आणि तास.

त्या रकान्यामुळेच मागच्या महिन्यात एक वही हाती लागली. चाकण बाजूची दोन शिक्षकी शाळा, सह्या फार नाहीत, नऊ-दहाच, त्यातले तीन अंगठे. जुन्या तक्त्यात ही शाळा तळाला गेली असती. बैठकीचा वार गुरुवार, वेळ संध्याकाळी साडेसहा. ठरावात लिहिलंय की पाण्याची टाकी सकाळी रिकामी असते, तरी पंपाची वेळ बदलावी. सूचक म्हणून एका आईचं नाव, आडनाव इथलं नाही. पुढच्या महिन्याच्या पानावर शिक्षकाच्या अक्षरात एकच ओळ आहे : पंप आता पहाटे सुरू करतात, टाकी भरलेली असते.